क्रूझवर घड्याळ पुढे-मागे होतं तेव्हा : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचं बुकिंग झालं, व्हिसा हातात आला, बॅगा माळ्यावरून खाली आल्या की धरमपेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात घड्याळाचे प्रश्न सुरू होतात. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघणाऱ्या गटांकडून तर रोज. व्हॉट्सॲपवर तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. प्रश्न बहुतेक आले तसेच ठेवले आहेत. सगळं वाचायला सवड नसेल तर निदान प्र. ४ आणि प्र. ७ वाचाच. बंदरावर माणसं अडकतात ती या दोन गोष्टींमुळे.

१. ताई, हे डेलाइट सेव्हिंग म्हणजे काय? घड्याळ पुढे-मागे करतात तरी काहून?

उन्हाळ्यात सूर्य पहाटे लवकर उगवतो, तेव्हा लोक झोपलेले असतात. तो उजेड संध्याकाळी कामी यावा म्हणून अख्खा देश घड्याळ एक तास पुढे करतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत मागे आणतो. या पानावर आपण त्याला ‘उन्हाळी वेळ’ म्हणू. देशभर ही पद्धत पहिल्यांदा १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने इंधन वाचवण्यासाठी लागू केली.

आपल्याला तिची गरज का पडत नाही, ते नागपुरात बसूनच कळतं. जूनअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास. फरक दीड तासाचा. बार्सिलोनात जूनमधला सूर्यास्त जवळजवळ साडेनऊचा आणि डिसेंबरातला साडेपाचच्याही आधीचा. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका हा फरक वाढत जातो.

भारतातही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळं एक तास पुढे होती. आता आपण वर्षभर मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ पाळतो. नागपूर त्या रेषेच्या पश्चिमेला, त्यामुळे आपल्या झीरो माइलपाशी खरी मध्यान्ह होते ती घड्याळात बारा वाजून सरासरी १४ मिनिटांनी. सूर्य आणि घड्याळ यांच्यात अंतर आपल्याकडेही आहे, पण ते कोणी वर्षातून दोनदा बदलत नाही.

२. कोणत्या तारखांना घड्याळ बदलतं? आम्ही सुट्ट्या त्या बघून टाकू.

युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. म्हणजे २५ ऑक्टोबर २०२६, २८ मार्च २०२७ आणि ३१ ऑक्टोबर २०२७. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार : १ नोव्हेंबर २०२६, १४ मार्च २०२७, ७ नोव्हेंबर २०२७.

दोघांच्या तारखा जुळत नाहीत, हे लक्षात ठेवा. वसंतात दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा असा असतो की एकाने घड्याळ बदललेलं आणि दुसऱ्याने नाही. अटलांटिक ओलांडणाऱ्या क्रूझला याचा हिशेब लागतो (प्र. १४). दक्षिण गोलार्धात सगळं उलट, ते प्र. १९ मध्ये आहे.

३. मुंबई-गोवा-लक्षद्वीप किंवा सिंगापूरची क्रूझ आहे. आम्हाला काही फरक?

उन्हाळी वेळेचा काहीच नाही. भारत, श्रीलंका, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, दुबई, यांपैकी कोणीही घड्याळ पुढे-मागे करत नाही. लक्षद्वीपला तर आपलीच वेळ, श्रीलंकेलाही आपलीच.

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आणि थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे. त्यामुळे सिंगापूरहून फुकेतला जाणाऱ्या जहाजावर एका तासाचा प्रश्न येतो, पण तो देश बदलल्यामुळे. त्याला प्र. ४ चा नियम लागू.

४. ‘जहाजाची वेळ’ म्हणजे नेमकी कोणती? बंदराची की आम्ही चढलो तिथली?

कॅप्टन ठरवेल ती. जेवणाची वेळ, शो, किनाऱ्यावर उतरण्याची वेळ आणि मुख्य म्हणजे परत चढण्याची शेवटची वेळ, हे सगळं या एका घड्याळावर चालतं. बंदरावरच्या मनोऱ्यात किती वाजले, तुमच्या मोबाइलवर किती वाजले, याच्याशी गँगवेवरच्या (जहाजात चढण्या-उतरण्याच्या शिडीवरच्या) माणसाला काही देणंघेणं नसतं.

युरोपातल्या क्रूझवर जहाज बहुधा ज्या देशात जाईल त्या देशाची वेळ धरतं. आदल्या रात्री केबिनमध्ये पत्रक येतं, ‘आज रात्री घड्याळ एक तास पुढे करा’. कॅरिबियनमध्ये मात्र बऱ्याच कंपन्या निघाल्या त्या बंदराची वेळ, म्हणजे मायामीची वगैरे, शेवटपर्यंत तशीच ठेवतात. एकाच कंपनीच्या दोन मार्गांवर दोन पद्धती असू शकतात. म्हणून ‘मागच्या वेळी असं होतं’ हा आधार धरू नका. पहिल्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन एकच प्रश्न विचारा : या प्रवासात जहाजाचं घड्याळ बदलणार आहे का, आणि कोणत्या रात्री?

आमच्या गटातल्या ज्येष्ठांना मी एक आडाखा पाठ करून घेते. किनाऱ्याचं घड्याळ जहाजाच्या पुढे असेल तर तुम्ही फार तर तासभर लवकर परत याल, डेकवर बसून चहा प्याल. किनाऱ्याचं घड्याळ जहाजाच्या मागे असेल तर मात्र जहाज जाईल. तुमच्या बंदरावर यांपैकी कोणती स्थिती आहे, एवढं उतरण्यापूर्वी माहीत असलंच पाहिजे.

५. बदलाच्या रात्री जहाजावर काय होतं? कोणी उठवायला येतं का?

कोणी उठवत नाही. बदल बहुधा रात्री दोनच्या सुमारास होतो. संध्याकाळी घोषणा होते, दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, काही जहाजांवर पलंगावर छोटं कार्डही ठेवतात. केबिनमधला टीव्ही आणि फोनवरचं घड्याळ सकाळी बरोबर वेळ दाखवतं.

मार्चमध्ये ती रात्र एका तासाने आखूड होते, ऑक्टोबरात एका तासाने लांब. आखूड रात्रीनंतर सकाळी सातला सहलीची बस असेल तर त्या रात्रीचा उशिराचा शो सोडा. आपल्या शरीराला ते सहाच वाटतात, आणि रोम किंवा अथेन्सचा दिवस चालण्याचा असतो.

६. आमची क्रूझ नेमकी त्याच रविवारी सुरू होते (किंवा संपते). बुकिंग बदलू का?

बदलायची गरज नाही, पण हा प्रश्न ज्यांना पडतो ते बरोबर विचार करतात. भूमध्य समुद्रातल्या कितीतरी क्रूझ शनिवार-रविवारीच सुटतात आणि संपतात, त्यामुळे ही गाठ वरचेवर पडते.

सुरू होत असेल तर : आदल्या दिवशी त्या शहरात पोचा. हे मी एरवीही सांगते, पण मार्चच्या शेवटच्या रविवारी तर आग्रहाने. त्या दिवशी पहाटे उतरणाऱ्या विमानाने येऊन दुपारी जहाजावर चढायचं, तेही साडेतीन तासांचा फरक की साडेचार याचा घोळ डोक्यात ठेवून, ही ओढाताण सुट्टीच्या पहिल्याच दिवशी कशाला?

संपत असेल तर जास्त जपा. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी लवकर केबिन रिकामी करायची असते. त्यात रात्र एक तास आखूड. आमच्या एका गटात तिघं जण नाश्त्याला आले ते डायनिंग हॉल बंद होताना. हॉटेलातून आणलेला प्रवासी गजर वाजला होता, पण जुन्या वेळेने.

विमानाच्या तिकिटावरची वेळ नेहमी त्या विमानतळाच्या स्थानिक वेळेतच छापलेली असते, त्यात तुम्ही तास मिळवू किंवा वजा करू नका. पण आणखी एक गोष्ट त्याच रविवारी होते, आणि ती कोणी सांगत नाही. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. युरोपहून मुंबई किंवा दिल्लीला येणाऱ्या विमानांच्या वेळा त्या दिवसापासून बदलू शकतात आणि मुंबई-नागपूर विमानांच्याही. सहा महिने आधी काढलेल्या तिकिटावरची जोडविमानाची फुरसत दोन तासांची होती ती चाळीस मिनिटांची झालेली असू शकते. निघण्याच्या दोन आठवडे आधी सगळ्या वेळा पुन्हा तपासा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असावीत हे उत्तम. नसतील तर मुंबईत रात्र काढून सकाळी निघा, नाहीतर दुरांतो धरा.

७. आमचा मोबाइल तर स्वतःच टाइम बदलून घेऊन राहिला. मग चिंता कशाची?

हीच चिंता. मोबाइलला जहाज कळत नाही, त्याला टॉवर कळतो. आणि समुद्रकिनाऱ्यावर टॉवर कोणत्या देशाचा पकडला जाईल ते सांगता येत नाही.

तुर्कस्तानात कुशादासी नावाचं बंदर आहे. एफेससचे प्राचीन अवशेष पाहायला जहाजं तिथे थांबतात. समोरच समुद्रात सामोस हे ग्रीसचं बेट. तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळ बदलणं बंद केलं, तिथे वर्षभर उन्हाळी वेळच चालते. ग्रीस मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं. म्हणजे उन्हाळ्यात दोघांची वेळ एक आणि हिवाळ्यात कुशादासी एक तास पुढे.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचा गट तिथे होता. जहाज तुर्की वेळेवर होतं, परत चढण्याची शेवटची वेळ साडेचार. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी बाजारात गालिच्यांच्या दुकानात चहा घेत बसले होते. सरांच्या मोबाइलने सामोसचा टॉवर पकडला आणि सव्वाचार वाजले असताना सव्वातीन दाखवले. मी गँगवेपाशी माणसं मोजत होते, दोन कमी. फोन लावला तेव्हा सर शांतपणे म्हणाले, ‘अहो, अजून तास आहे.’ त्या दोघांना मी बंदराच्या रस्त्याने धावत येताना पाहिलं आहे. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. जहाज मिळालं, पण तेव्हापासून आमच्या गटात स्वयंचलित वेळ चालू ठेवलेला मोबाइल घेऊन मी कोणाला उतरू देत नाही.

८. मग घड्याळ कोणतं वापरायचं? मोबाइलचं सेटिंग काय करू?

साधं काट्याचं घड्याळ. घरात जुनं एचएमटी असेल आणि चालत असेल तर तेच घाला. ते कोणाच्या टॉवरचं ऐकत नाही. चढल्याबरोबर केबिनच्या टीव्हीशी जुळवा आणि जहाजाने सांगितलं तरच हलवा.

मोबाइलमध्ये तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘आपोआप’ बंद करा आणि वेळ हाताने जहाजाची लावा. स्मार्टवॉच मोबाइलचंच ऐकतं, त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

यात एक मेख आहे. फ्लाइट मोडवर असला तरी मोबाइलमध्ये प्रत्येक देशाच्या बदलाच्या तारखा साठवलेल्या असतात. तुम्ही यादीतून ‘अथेन्स’ निवडलं असेल तर त्या रविवारी नेटवर्क नसतानाही तो एक तास मागे जाईल. मग सकाळी उठून तुम्ही पत्रक वाचून पुन्हा एक तास मागे कराल, आणि झाले दोन तास. म्हणून बदलाच्या सकाळी हात लावण्याआधी टीव्हीवरची वेळ बघा. गजरही त्या रात्री मोबाइलवर न लावता केबिनच्या फोनवरून वेक-अप कॉल सांगून ठेवा.

९. किनाऱ्यावर स्वतः फिरायला गेलो आणि उशीर झाला तर जहाज थांबतं का?

जहाज कंपनीकडूनच घेतलेल्या सहलीवर असाल तर सामान्यतः थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतः टॅक्सी करून गेला असाल तर थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च, हॉटेल, व्हिसाची अडचण, सगळं तुमचं.

परत चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते, कधी तासभर आधीची. स्थानिक टॅक्सीवाल्याशी किंवा वाटाड्याशी वेळ ठरवताना ‘चार वाजता’ म्हणू नका. त्याचे चार आणि तुमचे चार वेगळे असू शकतात. ‘आत्तापासून तीन तासांनी’ असं म्हणा आणि दोघांची घड्याळं समोरासमोर धरा. खिशात पासपोर्टची छायाप्रत आणि बंदरातल्या एजंटचा नंबर ठेवा. तो नंबर रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर छापलेला असतो.

१०. २०२७ ची दिवाळी जहाजावर करायचा विचार आहे, ग्रीस आणि तुर्कस्तान. घड्याळाचं काही?

हो, आणि नेमकं त्याच आठवड्यात. लक्ष्मीपूजन शुक्रवारी, २९ ऑक्टोबर २०२७ ला. युरोपचं घड्याळ मागे जातं रविवारी, ३१ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजनाला अथेन्स आणि इस्तंबूल एका वेळेवर असतील, रविवारपासून त्यांच्यात एक तासाचं अंतर पडेल. त्या रविवारनंतर ज्या ज्या तुर्की बंदरावर थांबाल तिथे प्र. ७ मधला प्रसंग आठवा.

दिवाळीचं विचारलंच आहे म्हणून सांगते : जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, पणती तर नाहीच, उदबत्तीही नाही. बॅटरीचे दिवे न्या. फराळ घरचा नेता येतो, पण बंद पाकिटात, आणि बंदरावर उतरताना तो खाली न्यायचा नाही.

११. बदलाच्या रात्री जहाज इटलीतून ग्रीसला जाणार आहे. मग एक तास पुढे की मागे?

हा प्रश्न ज्यांनी पाठवला त्या मानेवाड्याच्या काकांचं मला फार कौतुक वाटलं, कारण उत्तर आहे : काहीच नाही. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे, म्हणून घड्याळ पुढे करायला हवं. ऑक्टोबरची ती रात्र, म्हणून मागे करायला हवं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि काटा जागचा हलत नाही. मार्चमध्ये ग्रीसहून इटलीला जाताना हेच घडतं.

ऑक्टोबरमध्ये उलट दिशेने, ग्रीसहून इटलीला गेलात, तर दोन तास मागे. सकाळी चारलाच डोळे उघडतील. तेव्हा डेकवर जा, सूर्योदय पाहायला गर्दी नसते.

१२. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्यासोबत मायामीहून कॅरिबियन क्रूझ. तिथे कसं?

फ्लोरिडा उन्हाळी वेळ पाळतं, पण कॅरिबियनमधली बरीच बेटं पाळत नाहीत. जमैका, केमन बेटं आणि मेक्सिकोचं कोझुमेल ही वर्षभर मायामीच्या हिवाळी वेळेवर असतात. पोर्तो रिको वर्षभर मायामीच्या उन्हाळी वेळेवर. बहामा मात्र अमेरिकेसोबत बदलतं.

म्हणून हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, कोझुमेल आणि मायामी यांची वेळ एकच. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलात तर कोझुमेल मायामीच्या एक तास मागे. जहाज मायामीच्याच वेळेवर राहिलं तर ही प्र. ४ मधली धोक्याची बाजू झाली. नागपूरच्या शाळांना सुट्ट्या लागतात त्या एप्रिल-मेमध्ये, त्यामुळे आपल्याकडची कुटुंबं नेमकी या काळात जातात.

१३. अलास्का, नॉर्वे, आइसलँड?

अलास्काचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर, त्यामुळे बदलाची तारीख मध्ये येतच नाही. सिएटलहून निघालात तर अलास्का एक तास मागे, एवढंच. नॉर्वे ब्रिटनच्या एक तास पुढे, साउथॅम्प्टनहून जाताना एक रात्र आखूड. आइसलँड घड्याळ बदलत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते ब्रिटनच्या एक तास मागे आणि हिवाळ्यात बरोबरीने.

१४. शरदात जहाजं युरोपहून अमेरिकेला जातात, स्वस्त असतं म्हणे. त्यात घड्याळ किती वेळा बदलतं?

ही जहाजं उन्हाळाभर भूमध्य समुद्रात आणि हिवाळाभर कॅरिबियनमध्ये असतात, म्हणून वर्षातून दोनदा अटलांटिक ओलांडतात. साधारण एप्रिलमध्ये एकदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदा. दिवस जास्त, बंदरं कमी, म्हणून भाडं कमी.

पश्चिमेकडे जाताना काही काही दिवसांनी घड्याळ एक तास मागे होतं, म्हणजे २५ तासांचा दिवस. बार्सिलोना आणि मायामी यांच्यात एरवी सहा तासांचं अंतर. पण २५ ऑक्टोबर २०२६ च्या आधी बार्सिलोना सोडलं आणि १ नोव्हेंबरनंतर मायामी गाठलं तर एकूण सात तास मागे जावं लागतं, कारण निघताना तिथे उन्हाळी वेळ होती आणि पोचताना इथे हिवाळी. वयस्क मंडळींना मी पश्चिमेचीच दिशा सुचवते. रोज थोडी जास्त झोप मिळते आणि अमेरिकेत उतरताना अंग ताजं असतं. एप्रिलमध्ये पूर्वेकडे येताना दिवस २३ तासांचे होतात आणि आठवड्याभरात थकवा साचतो. काही जहाजं पूर्वेकडे येताना रात्रीऐवजी दुपारी बाराला घड्याळ पुढे करतात, म्हणजे झोप मोडत नाही. बुकिंग करताना हे विचारून घ्या.

१५. घरी आई एकटी आहे. नागपूरला फोन कधी लावायचा?

इटली, स्पेन, फ्रान्स आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. ग्रीस अडीच आणि साडेतीन. तुर्कस्तान वर्षभर अडीच. ब्रिटन साडेचार आणि साडेपाच. मायामी-न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा. अलास्का, तुम्ही जाल त्या दिवसांत, साडेतेरा.

ऑक्टोबरातला बदल मध्ये येत असेल तर घरच्यांना एक चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावा : ‘रविवारपासून फोन एक तास उशिरा येईल.’ रोज रात्री आठला येणारा फोन नऊला आला की आई तासभर देवापुढे बसून राहते. हे मी माझ्याच घरी पाहिलं आहे.

१६. शुगर-बीपीच्या गोळ्या आणि इन्सुलिन कोणत्या वेळेने?

एका तासाच्या बदलाने रोजच्या बहुतेक गोळ्यांचं फारसं बिघडत नाही, पण तुमच्या औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांनीच सांगायला हवं. निघण्यापूर्वी त्यांना क्रूझचा मार्ग आणि घड्याळ बदलण्याच्या तारखा दाखवा आणि वेळा कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे सुई आणि जेवण यांचं नातं असतं आणि जहाजावरचं जेवण जहाजाच्या घड्याळाने मिळतं. अटलांटिकसारख्या लांब मार्गावर तर सहा-सात तासांचा फरक साचतो.

ज्यांना औषध ठरावीक तासांच्या अंतरानेच घ्यायचं आहे त्यांनी दुसरं एक घड्याळ भारतीय वेळेवर ठेवून औषधांच्या डब्यातच टाकावं. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. शेवटच्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या बॅगेत ती चुकूनही जाऊ देऊ नका.

१७. संकष्टी जहाजावर येते आहे. चंद्रोदय कोणता धरायचा?

दिनदर्शिकेत छापलेली वेळ आपल्या गावची असते, ती समुद्रावर लागू होत नाही. नागपूरला चंद्रोदय रात्री पावणेदहाला असेल तर त्या क्षणी बार्सिलोनात उन्हाळी वेळेने संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले असतात आणि लख्ख ऊन असतं. तिथला चंद्र त्यानंतर कित्येक तासांनी वर येईल. त्यात उन्हाळी वेळेचा एक तास मिळाला की घड्याळात बराच उशीर दिसतो, आणि डायनिंग हॉल तोवर बंद झालेला असू शकतो.

आमच्या गटातल्या काकू दोन्ही प्रकारे करतात. काही जणी डेकवर थांबून प्रत्यक्ष चंद्र पाहूनच उपास सोडतात, काही जणी नागपूरच्या वेळेला घरच्या देव्हाऱ्याचं स्मरण करून. मला दोन्ही मनापासून पटतं. जूनमध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला मात्र चंद्र पाहण्याचा हट्ट धरू नका. तिथे त्या दिवसांत सूर्य मावळत नाही आणि पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र क्षितिजावर येतच नाही. रात्री उशिरा उपास सोडायचा असेल तर दुपारीच वेटरला सांगून फळं आणि दही केबिनमध्ये मागवून ठेवा.

१८. एक तास कमी मिळाला तर पैसे कमी होतात का? इंटरनेट पॅकेजचं काय?

नाही. भाडं रात्रींवर असतं, तासांवर नाही. ऑक्टोबरात एक तास जास्त मिळाला म्हणून कोणी जास्त घेतही नाही. चोवीस तासांचं इंटरनेट पॅकेज घेतलं असेल तर ते चोवीस तासच चालतं, घड्याळ काहीही दाखवो.

१९. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला डिसेंबरात जातो आहोत. तिथेही हेच?

तिथे आपल्या हिवाळ्यात उन्हाळा, म्हणून तारखा उलट. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबरचा पहिला रविवार ते एप्रिलचा पहिला रविवार, न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरचा शेवटचा रविवार ते एप्रिलचा पहिला रविवार उन्हाळी वेळ. डिसेंबरात सिडनी आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, ऑकलंड साडेसात.

गंमत ऑस्ट्रेलियाच्या आतच आहे. सिडनी आणि मेलबर्न घड्याळ बदलतात, ब्रिस्बेन ज्या क्वीन्सलँड राज्यात आहे ते बदलत नाही. सिडनी आणि ब्रिस्बेन एकाच किनारपट्टीवर, तरीही डिसेंबरात ब्रिस्बेन सिडनीच्या एक तास मागे असतं. सिडनीहून निघालेलं जहाज सिडनीच्याच वेळेवर राहिलं तर ब्रिस्बेन आणि त्याच राज्यातल्या केर्न्सला उतरताना प्र. ४ चा आडाखा लावा.

२०. हवाईहून ऑस्ट्रेलियाला जाताना अख्खा दिवस गायब होतो म्हणे?

हो, पण त्याचा उन्हाळी वेळेशी संबंध नाही. ती आंतरराष्ट्रीय तारीखरेषा. पश्चिमेकडे ओलांडली की कॅलेंडरवरची एक तारीख येतच नाही, पूर्वेकडे ओलांडली की एकच तारीख दोनदा येते. वाढदिवस किंवा श्राद्धाची तिथी त्या आठवड्यात असेल तर कंपनीला आधी विचारून ठेवा, कोणती तारीख गाळणार आहेत ते.

२१. अशी बंदरं आहेत का जिथे यातला कोणताच नियम चालत नाही?

दोन आठवतात. इजिप्तने २०२३ पासून उन्हाळी वेळ पुन्हा सुरू केली, पण तिथे ती एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी संपते. म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलअखेर ग्रीस आणि अलेक्झांड्रिया यांच्यात एक तासाचा फरक असतो, एरवी जवळजवळ वर्षभर नसतो. त्या महिन्यात पिरॅमिड पाहायला जाणाऱ्यांनी बसची वेळ जहाजाच्या कागदावरूनच घ्यावी.

दुसरं मोरोक्को. तिथे वर्षभर घड्याळ एक तास पुढेच असतं आणि फक्त रमजानच्या महिन्यात मागे येतं. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. एरवी हिवाळ्यात कासाब्लांका आणि स्पेनच्या बंदरांची वेळ एकच असते, त्या महिन्यात मात्र कासाब्लांका एक तास मागे. दुकानं आणि उपाहारगृहंही त्या दिवसांत दुपारी बंद असू शकतात, तेव्हा जेवण जहाजावर करूनच उतरा आणि हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवरच राहू द्या.